घटक ४ : चित्रपट पाहण्याचे पर्याय – वर्गणी, भाडे, खरेदी आणि चित्रपटगृह

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• चित्रपट प्रेक्षकापर्यंत पोहोचण्याचे मार्ग कोणत्या क्रमाने बदलत गेले, हे सांगता येईल.
• ‘वर्गणी भरणे’, ‘भाड्याने घेणे’ आणि ‘विकत घेणे’ या शब्दप्रयोगांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
• खर्च, डेटा, पुनर्दर्शन, आवृत्ती आणि टिकाऊपणा या निकषांवर निरनिराळ्या पर्यायांची तुलना करता येईल.
• माध्यमांतराच्या अभ्यासासाठी कोणता पर्याय केव्हा निवडावा, याचा सकारण निर्णय घेता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, यापूर्वीच्या घटकात आपण साहित्यकृतीचे चित्रपटात माध्यमांतर कसे होते, हे पाहिले. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेल यांनी केलेला ‘सिंहासन’ (१९७९), गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरील ‘जैत रे जैत’ (१९७७), आनंद यादव यांच्या कादंबरीवरील ‘नटरंग’ (२०१०) ही त्याची ठळक उदाहरणे होत. अशा कृतींचा अभ्यास करताना कादंबरी वाचून भागत नाही. चित्रपट पाहावा लागतो, आणि एकदा पाहून भागत नाही.

येथे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. कादंबरी वाचनालयात मिळते. चित्रपट कोठे मिळतो? नोकरी, शेती किंवा घरकाम सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्याजवळ वेळ मोजका असतो, पैसा मोजका असतो आणि पुष्कळदा पडदा म्हणजे हातातला मोबाइलच असतो. दरमहा वर्गणी घेणाऱ्या आंतरजालीय सेवांच्या जाहिराती ‘हजारो चित्रपट, एका किमतीत’ असे आश्वासन देतात. ते आश्वासन कितपत खरे आहे? चित्रपटगृह, दूरचित्रवाणी, तबकडी, चित्रपट मंडळ या मार्गांशी तुलना करता ते कोठे सरस ठरते आणि कोठे उणे पडते? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत घटकात करावयाचा आहे.

हा केवळ ग्राहकाच्या हिशेबाचा प्रश्न नाही. आपण ज्या मार्गाने चित्रपट पाहतो, त्यावर त्या चित्रपटाची कोणती आवृत्ती आपल्यासमोर येते, ती आपल्याला पुन्हा पाहता येते की नाही, आणि पुढील पिढीला ती पाहता येईल की नाही, हेही अवलंबून असते.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ पर्यायांचा ऐतिहासिक क्रम

भारतातील पहिला चित्रपटखेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईतील वॉटसन हॉटेलात झाला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. या काळापासून पुढे कित्येक दशके चित्रपट पाहणे म्हणजे तो जेथे दाखवला जातो तेथे जाणे, असाच अर्थ होता. शहरात चित्रपटगृह, तर जत्रेच्या गावी तंबूतील फिरता सिनेमा. प्रेक्षक चित्रपटाकडे जात असे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि चित्रपट प्रेक्षकाच्या घरी येऊ लागला. परंतु कोणता चित्रपट केव्हा पाहायचा, हे केंद्र ठरवीत असे. पुढे ध्वनिचित्रफीत आणि तबकडी आली. आता ‘केव्हा’ हे प्रेक्षकाच्या हाती आले, आणि चित्रपटाची प्रत कपाटात ठेवता येऊ लागली. प्रेक्षक प्रथमच चित्रपटाच्या एखाद्या प्रतीचा मालक झाला.

तिसरा टप्पा आंतरजालाचा. नेटफ्लिक्स ही कंपनी १९९७ साली अमेरिकेत स्थापन झाली ती टपालाने तबकड्या भाड्याने देण्यासाठी. २००७ साली तिने आंतरजालावरून थेट चित्रपट दाखविण्यास आरंभ केला. तबकड्या पाठविण्याचे काम सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाले. भारतात हॉटस्टार २०१५ मध्ये, तर नेटफ्लिक्स आणि अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओ २०१६ मध्ये आले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली व मोबाइल डेटा स्वस्त झाला. या दोन घटना एकत्र आल्या नसत्या, तर चित्रपटाची वर्गणी हा विषय महानगरांपुरताच राहिला असता. २०२१ साली ‘प्लॅनेट मराठी’ या केवळ मराठीसाठी असलेल्या सेवेचाही आरंभ झाला.

या इतिहासातून एक सूत्र हाती येते. प्रत्येक टप्प्यावर प्रेक्षकाची सोय वाढली. मात्र प्रतीवरील ताबा तबकडीच्या काळात वाढून नंतर पुन्हा कमी झाला. सोय आणि ताबा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुढील विवेचनात हा भेद सतत ध्यानात ठेवावा.

४.३.२ शब्दप्रयोग आणि त्यांमागील व्यवहार

भाषेचे अभ्यासक म्हणून आपण प्रथम शब्दांकडे पाहू. सेवेच्या पडद्यावर जी बटणे दिसतात, त्यांवरील क्रियापदे व्यवहाराचे स्वरूप सांगतात; कधीकधी ते झाकतातही.

(अ) वर्गणी भरणे : ‘सबस्क्रिप्शन’ या शब्दासाठी मराठीत ‘वर्गणी’ हा रुळलेला शब्द आहे. पण वर्गणीचे दोन प्रकार आपण पूर्वापार ओळखतो. मासिकाची वर्गणी भरली, तर आलेले अंक आपल्या घरी राहतात. पुढच्या वर्षी वर्गणी भरली नाही, तरी जुने अंक कोणी परत नेत नाही. वाचनालयाची वर्गणी मात्र वेगळी. ती चालू असेतो ग्रंथ मिळतो. ती थांबली की हाती काही उरत नाही. चित्रपटसेवेची वर्गणी ही दुसऱ्या प्रकारची आहे. ग्राहकाचा गैरसमज होतो तो येथे : तो मासिकाच्या वर्गणीचा अर्थ मनात धरून वाचनालयाची वर्गणी भरत असतो.

(आ) डाऊनलोड करणे : या शब्दाचा रूढ अर्थ ‘उतरवून घेणे’, म्हणजे स्वतःच्या यंत्रावर प्रत करून घेणे, असा आहे. वर्गणीच्या सेवांतील डाऊनलोड मात्र तेवढ्या अर्थाने खरे नसते. उतरवलेली धारिका त्या सेवेच्या अ‍ॅपमध्येच उघडते, दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही, ठरावीक मुदतीनंतर चालेनाशी होते, आणि वर्गणी संपली की निरुपयोगी ठरते. ती ‘प्रत’ नसून ‘जाल नसताना पाहण्याची सोय’ आहे. अर्थात ही सोय लहान नाही. ज्या गावात जालाचा भरवसा नाही, तेथील विद्यार्थ्याला तालुक्याच्या ठिकाणी चित्रपट उतरवून घेऊन रात्री घरी पाहता येतो.

(इ) भाड्याने घेणे : येथे एकाच चित्रपटासाठी एकदाच पैसे द्यावे लागतात. पाहण्यास आरंभ केल्यावर बहुधा ४८ तासांत तो पाहून संपवावा लागतो. या व्यवहारात शब्द आणि अर्थ यांचा मेळ बसतो. भाड्याची वस्तू परत द्यायची असते, हे सर्वांना ठाऊक आहे.

(ई) विकत घेणे : सर्वांत जास्त दिशाभूल या शब्दाने होते. आंतरजालावर ‘विकत घेतलेला’ चित्रपट हा पुष्कळदा केवळ पाहण्याचा परवाना असतो. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ या पुस्तकांच्या काही प्रती त्यांच्या किंडल यंत्रांवरून परस्पर काढून टाकल्या. विक्रेत्याजवळ त्या पुस्तकांचे हक्क नव्हते, हे कारण होते. पैसेही परत केले गेले. तरीही विकलेली वस्तू ग्राहकाच्या कपाटातून न विचारता नेता येते का, हा प्रश्न उरला. पुढे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू केला. आंतरजालीय वस्तूसाठी ‘विकत घ्या’ असा शब्द वापरायचा असेल, तर ग्राहकाला प्रत्यक्षात परवाना मिळत आहे हे स्पष्ट सांगितले पाहिजे, असे तो म्हणतो. जी वस्तू कायमस्वरूपी उतरवून घेऊन जालाविना वापरता येते, तिला आणि निव्वळ वर्गणीच्या सेवांना हा नियम लागू नाही. म्हणजेच एका क्रियापदाच्या अर्थनिश्चितीसाठी विधिमंडळाला कायदा करावा लागला. अर्थविचार हा केवळ परीक्षेचा विषय नाही, हे यावरून ध्यानात यावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. चित्रपटसेवेची वर्गणी कोणत्या वर्गणीशी अधिक मिळतीजुळती आहे?
(क) मासिकाच्या (ख) वाचनालयाच्या (ग) गणेशोत्सवाच्या
२. प्रतीवरील प्रेक्षकाचा ताबा कोणत्या टप्प्यावर सर्वाधिक होता?
(क) दूरचित्रवाणी (ख) तबकडी (ग) आंतरजालीय वर्गणी

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
वर्गणीच्या सेवेतील ‘डाऊनलोड’ला ‘प्रत’ का म्हणता येत नाही?

४.३.३ तुलनेचे निकष

कोणत्याही तुलनेला निकष आधी ठरवावे लागतात. निकष न ठरवता केलेली तुलना ही आवडीनिवडीची यादी होते. येथे आपण पाच निकष घेऊ.

पहिला निकष : खर्च. सेवांचे दर वारंवार बदलतात. म्हणून दर पाठ करण्यापेक्षा हिशेबाची रीत शिकावी. समजा, एका सेवेची मासिक वर्गणी २०० रुपये आहे आणि एक चित्रपट भाड्याने घेण्यास ८० रुपये पडतात. महिन्यात दोन चित्रपट पाहिले, तर भाडे १६० रुपये, म्हणजे वर्गणीपेक्षा कमी. तीन पाहिले, तर २४० रुपये, म्हणजे वर्गणी स्वस्त. सीमारेषा दोन आणि तीन यांच्या मध्ये आहे.

आता हाच हिशेब वर्षाचा करून पाहा. एका विद्यार्थ्याने वर्षभरात १५ चित्रपट पाहिले. बाराही महिने वर्गणी चालू ठेवली, तर खर्च २,४०० रुपये, म्हणजे दर चित्रपटामागे १६० रुपये. तेच १५ चित्रपट भाड्याने घेतले असते, तर १,२०० रुपये. आणि अभ्यासाच्या तीन महिन्यांपुरतीच वर्गणी भरून ते सर्व पाहिले असते, तर ६०० रुपये, म्हणजे दर चित्रपटामागे ४० रुपये. दर तोच, चित्रपट तितकेच. खर्चात मात्र चौपट अंतर. वर्गणी स्वस्त की महाग, हे वर्गणीच्या रकमेवर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक ती वेळेवर थांबविण्यावर अवलंबून आहे. पुष्कळ सेवांत वर्गणीचे आपोआप नूतनीकरण होते. न पाहिलेल्या महिन्यांचे पैसे हाच अशा व्यवहारातील सर्वांत मोठा छुपा खर्च होय.

चित्रपटगृहाचा हिशेब माणसांवर चालतो. तिकीट १५० रुपये धरले, तर चौघांच्या कुटुंबाला ६०० रुपये आणि जाण्यायेण्याचे समजा २०० रुपये, असे एका चित्रपटाला ८०० रुपये लागतात. घरी भाड्याने घेतलेला चित्रपट चौघे मिळून पाहतात, तेव्हा माणशी २० रुपये पडतात. एकट्याने पाहणाऱ्याच्या बाबतीत हे अंतर पुष्कळ कमी होते.

दुसरा निकष : डेटा. वर्गणीत डेटाचा खर्च धरलेला नसतो. तो काढण्याची रीत सोपी आहे. दर सेकंदाला १ मेगाबिट या वेगाने दोन तास, म्हणजे ७,२०० सेकंद, चित्रपट पाहिला, तर ७,२०० मेगाबिट वापरले जातात. आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने हे ९०० मेगाबाइट झाले. चित्राची स्पष्टता वाढवून वेग २ मेगाबिट केला, तर तेच १.८ गिगाबाइट. रोज १.५ गिगाबाइटची मर्यादा असलेल्या विद्यार्थ्याचा चित्रपट शेवटची वीस मिनिटे उरली असतानाच अडेल. म्हणून मोबाइलवर पाहणाऱ्याने सेटिंगमध्ये चित्राची स्पष्टता कमी ठेवावी, किंवा जेथे वायफाय आहे तेथे चित्रपट आधीच उतरवून घ्यावा.

तिसरा निकष : पुनर्दर्शन. चित्रपटगृहात दृश्य थांबवून टिपण काढता येत नाही, मागे जाता येत नाही. दूरचित्रवाणीवर जाहिराती मध्ये येतात. तबकडी आणि वर्गणीची सेवा येथे सरस ठरतात. भाड्याच्या चित्रपटात पुनर्दर्शन शक्य असते, पण मुदतीच्या आत.

चौथा निकष : आवृत्ती. चित्रपटगृहात दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटास सिनेमॅटोग्राफ अधिनियम, १९५२ नुसार प्रमाणपत्र लागते. आंतरजालीय सेवा मात्र २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार स्वतःच वयोगटानुसार वर्गवारी करतात. दूरचित्रवाणीवर वेळेच्या सोयीसाठी काटछाट होऊ शकते. त्यामुळे एकाच नावाचा चित्रपट तीन ठिकाणी तीन लांबीचा असू शकतो. ग्रंथाचा दाखला देताना आपण आवृत्ती नोंदवतो. तसाच चित्रपटाचा दाखला देताना तो कोठे पाहिला आणि त्याची लांबी किती होती, हे नोंदवणे अगत्याचे आहे.

पाचवा निकष : सामूहिकता. ‘नटरंग’मधील फडाचे दृश्य चित्रपटगृहात पाहताना प्रेक्षागृहातील शिट्ट्या आणि टाळ्या त्या दृश्याचाच विस्तार होतात, पडद्यावरचा प्रेक्षक आणि खुर्चीतला प्रेक्षक एक होतो. एकांतात कानात यंत्र घालून पाहताना हा अनुभव मिळत नाही. उलट चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’सारख्या संथ लयीच्या, लांब दृश्यांच्या चित्रपटाला एकाग्रता लागते. ती चित्रपटगृहाच्या अंधारात सहज मिळते. मोबाइलवर मध्येच येणारे संदेश ती मोडतात. पडद्याचा आकार हा केवळ सोयीचा प्रश्न नसून आकलनाचाही प्रश्न आहे.

४.३.४ भाषेच्या अभ्यासकाची गरज

मराठीच्या विद्यार्थ्याला चित्रपटात आणखी एक गोष्ट शोधायची असते, ती म्हणजे बोली. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मध्ये जब्याचे कुटुंब आपसांत कैकाडी बोलते आणि गावाशी मराठी. हा भाषापालट कोणत्या प्रसंगी, कोणासमोर होतो, हे नोंदवायचे असेल तर दृश्य दहादा थांबवावे लागते. ‘सैराट’मधील सोलापूरकडील बोलीतील रूपे टिपतानाही तेच. येथे वर्गणीच्या सेवेतील उपशीर्षके उपयोगी पडतात; पण त्यांवर सर्वस्वी विसंबू नये. उपशीर्षक हा अनुवाद किंवा संक्षेप असतो, लिप्यंतर नव्हे. बोलीतील उच्चार प्रमाण रूपात लिहिला जातो आणि शिवी सौम्य होते. म्हणून उपशीर्षक वाचून संवाद उतरवू नये. कानाने ऐकून उतरवावा आणि मग उपशीर्षकाशी ताडून पाहावा. या दोहोंतील तफावत हाच एका चांगल्या प्रकल्पाचा विषय होऊ शकतो.

४.३.५ उपलब्धता आणि जतन

वर्गणीच्या सेवेत चित्रपट शोधला आणि सापडला नाही, तर ‘तो चित्रपट नाहीच’ असा समज हळूहळू बळावतो. ही सवय अभ्यासकाने जाणीवपूर्वक टाळली पाहिजे. सेवेजवळ चित्रपटाचे हक्क ठरावीक मुदतीसाठी असतात. मुदत संपली की चित्रपट तेथून जातो. आज असलेला चित्रपट परीक्षेच्या महिन्यात असेलच, याची हमी नाही. शिवाय सेवा चित्रपट ठेवते ते प्रेक्षकसंख्येच्या अपेक्षेने, अभ्यासाच्या गरजेने नव्हे. जुन्या कृष्णधवल मराठी चित्रपटांची बाजू तेथे नेहमीच पडती राहणार.

जतन हे काम वेगळ्या संस्थेचे आहे. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. २०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. ‘राजा हरिश्चंद्र’चा आज काही भागच उपलब्ध आहे. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट फितीवरील अनेक जुने चित्रपट नष्ट झाले. त्यांत प्रभातच्याही प्रती होत्या. फीत जळते, तबकडीवर ओरखडे उठतात, परवाना संपतो. प्रत्येक माध्यमाचा नाश वेगळ्या प्रकारे होतो. म्हणूनच एकाच माध्यमावर भिस्त ठेवणे हे समाजाच्या स्मृतीला परवडणारे नाही.

सामान्य अभ्यासकासाठी येथे चित्रपट मंडळांचे महत्त्व आहे. मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून कार्यरत आहे. अशा मंडळाची वर्षाची वर्गणी भरली की निवडक चित्रपट, त्यांवरील चर्चा आणि जाणकारांचा सहवास मिळतो. पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आणि २००४ पासून गोव्यात भरणारा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव हेही असेच मार्ग होत. शहरापासून दूर राहणाऱ्यास ते नेहमी शक्य नाहीत. परंतु गावातील वाचनालयात पाच-दहा जणांनी एकत्र येऊन अभ्यासमंडळ सुरू करणे अशक्य नाही. मात्र सार्वजनिक खेळासाठी हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते. घरगुती वर्गणीत तो अधिकार मिळत नाही.

४.३.६ कायदा आणि नीती

प्रत्येक विद्यार्थ्याच्या मोबाइलवर केव्हातरी एखाद्या फुकट चित्रपटाचा दुवा येतो. अभ्यासासाठीच हवा आहे, मग काय बिघडले, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून या प्रश्नाला बगल देणे योग्य नव्हे.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. सिनेमॅटोग्राफ अधिनियमात २०२३ साली केलेल्या दुरुस्तीनुसार चित्रपटाचे अनधिकृत ध्वनिचित्रमुद्रण करणे किंवा तशी प्रत नफ्यासाठी लोकांना दाखविणे यांस किमान तीन महिने आणि कमाल तीन वर्षे कारावास होऊ शकतो. दंड किमान ३ लाख रुपये असून तो निर्मितिखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. नीतीची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मराठी चित्रपटाची बाजारपेठ मर्यादित आहे. कमी प्रेक्षकांच्या चित्रपटाला प्रत्येक अधिकृत प्रेक्षक मोलाचा असतो, कारण पुढचा तसा चित्रपट काढण्याचे धाडस त्या संख्येवर ठरते. बोलीचा अभ्यास करणाऱ्यानेच बोलीतील चित्रपटाचे उत्पन्न बुडवावे, हे विसंगत आहे.

तथापि ‘फुकट म्हणजे चोरीचे’ असेही समीकरण नाही. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. ‘संत तुकाराम’ (१९३६) किंवा साने गुरुजींच्या पुस्तकावरील, आचार्य अत्रे दिग्दर्शित ‘श्यामची आई’ (१९५३) या चित्रपटांची ती मुदत उलटून गेली आहे. अनेक हक्कधारक आपले चित्रपट स्वतःच्या अधिकृत वाहिनीवर विनामूल्य ठेवतात. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी आहेच. तेव्हा वर्गणी भरण्यापूर्वी अधिकृत विनामूल्य मार्ग शोधणे, ही पहिली पायरी मानावी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क ……… वर्षे असतो.
२. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना ……… साली झाली.

(आ) हिशेब करा.
मासिक वर्गणी १५० रुपये आणि एका चित्रपटाचे भाडे ६० रुपये असल्यास महिन्यात किमान किती चित्रपट पाहिले असता वर्गणी स्वस्त पडेल?

४.३.७ निर्णयाची रीत : एक नमुना

समजा, एका विद्यार्थिनीला सत्रात सहा चित्रपट अभ्यासायचे आहेत. तिने प्रथम सहाही नावांची यादी करावी. प्रत्येक नावापुढे अधिकृत विनामूल्य, वर्गणी, भाडे, तबकडी यांपैकी कोठे मिळतो, ते लिहावे. समजा, दोन विनामूल्य मिळाले, तीन एकाच सेवेवर सापडले आणि एक केवळ भाड्याने मिळतो. अशा वेळी त्या सेवेची एकाच महिन्याची वर्गणी भरावी, तीनही चित्रपट त्या महिन्यात प्रत्येकी दोनदा पाहावेत. पहिल्या वेळी न थांबता, रसिक म्हणून. दुसऱ्या वेळी टिपणवही घेऊन, अभ्यासक म्हणून. भरणा केल्याच दिवशी आपोआप नूतनीकरण बंद करावे. भरलेली मुदत सहसा तरीही पूर्ण मिळते. भाड्याचा चित्रपट मात्र सलग दोन दिवस मोकळे असतील तेव्हाच घ्यावा. आणि यांपैकी एखादा चित्रपट पुन्हा चित्रपटगृहात लागला, तर तो तेथे जरूर पाहावा.

यातून असे दिसते की ‘कोणता पर्याय सर्वांत चांगला?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या कामासाठी, किती काळ, कोणासोबत?’ ही पुरवणी जोडली की उत्तर मिळते.

४.४ सारांश

चित्रपट पाहण्याचे मार्ग बदलत गेले तसतशी प्रेक्षकाची सोय वाढली. प्रतीवरील ताबा मात्र तबकडीनंतर घटला. आंतरजालीय वर्गणी ही वाचनालयाच्या वर्गणीसारखी असून ती थांबताच हाती काही उरत नाही. ‘विकत घेणे’ आणि ‘डाऊनलोड’ हे शब्द आंतरजालावर रूढ अर्थाने वापरलेले नसतात. थोड्या काळात पुष्कळ चित्रपट पाहणाऱ्यास वर्गणी, क्वचित पाहणाऱ्यास भाडे आणि कायमच्या संग्रहासाठी तबकडी हा पर्याय सोयीचा ठरतो. एकाग्रता आणि सामूहिक अनुभव यांसाठी चित्रपटगृहाला तोड नाही. सेवेवर नसलेला चित्रपटही अभ्यासविषय असतो, हे विसरू नये.

४.५ पारिभाषिक संज्ञा व शब्दार्थ

माध्यमांतर : एका माध्यमातील कृतीचे दुसऱ्या माध्यमात रूपांतर.
परवाना : वस्तूची मालकी न देता ती वापरण्याची दिलेली अनुमती.
धारिका : संगणकात किंवा मोबाइलमध्ये साठवलेला माहितीचा संच, फाइल.
उपशीर्षक : पडद्याच्या तळाशी दिसणारा संवादांचा लिखित पाठ.
भाषापालट : बोलताना एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाणे.
स्वामित्वहक्क : कृतीची प्रत काढणे, प्रदर्शन करणे इत्यादींबाबतचा कायदेशीर अधिकार.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (अ) १. (ख) २. (ख)
(आ) ती धारिका सेवेच्या अ‍ॅपबाहेर उघडत नाही आणि मुदत किंवा वर्गणी संपताच निरुपयोगी होते, म्हणून तिला प्रत म्हणता येत नाही.

प्रश्न – २ : (अ) १. ६० २. १९६४
(आ) दोन चित्रपटांचे भाडे १२० रुपये, तीन चित्रपटांचे १८० रुपये. म्हणून किमान तीन चित्रपट.

४.७ स्वाध्याय

१. ‘सोय आणि ताबा या दोन भिन्न गोष्टी आहेत’, या विधानाची चित्रपटदर्शनाच्या इतिहासाच्या आधारे चर्चा करा.
२. ‘वर्गणी’ या शब्दाच्या मराठीतील विविध अर्थच्छटा सोदाहरण स्पष्ट करा.
३. टीप लिहा : उपशीर्षक आणि बोली.
४. चित्रपटाचा दाखला देताना आवृत्तीची नोंद का आवश्यक असते?

४.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील किंवा शेजारातील तीन पिढ्यांतील प्रत्येकी एका व्यक्तीला तिने पाहिलेला पहिला चित्रपट कोठे, कोणासोबत आणि किती पैशांत पाहिला, हे विचारा. ही माहिती देताना त्या व्यक्तीने ‘लागला’, ‘आला’, ‘बघितला’, ‘टाकला’, ‘लावला’ यांपैकी कोणती क्रियापदे वापरली, त्यांची त्यांच्याच बोलीत नोंद करा. माध्यम बदलले तसे क्रियापद कसे बदलले, याविषयी सुमारे ३०० शब्दांत टिपण लिहा आणि पुढील संपर्कसत्रात ते वाचून दाखवा.